गोव्यात बियाण्यापासून लॉन: आधी पंपाचा दाब, मग बी

प्रश्न थोडक्यात असा. बार्देशात नवं घर, पुढे वीस बाय दहा मीटरची उघडी जागा, जमीन जांभ्याची, आवारात विहीर. फवाऱ्यांच्या कामासाठी दोघांचे दर आलेत, एकाचा दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा. गवताच्या तयार लाद्या न आणता बी पेरून लॉन करायचं आहे. काम कोणाला द्यावं, बी कोणतं घ्यावं आणि पेरावं कधी?

दरापासून सुरुवात करू नका. निम्मा दर देणारा बहुधा पाइप पातळ घालतो, झोन (एका व्हॉल्व्हवर एकदम चालणाऱ्या फवाऱ्यांचे गट) कमी करतो किंवा पंप आहे तोच वापरतो. हे तीनही दोष पहिल्या दिवशी दिसत नाहीत, फवारे उडतातच. ते दिसतात बी उगवताना, कारण रुजणाऱ्या बियाला वरचं अर्धा सेंटिमीटर सतत ओलं लागतं. वाढलेलं गवत एखाद्या कोपऱ्यात कमी पाणी मिळालं तरी मुळं खाली नेऊन निभावतं. कोंब फुटलेलं बी एका दुपारीत वाळलं तर ते संपलं. म्हणून बियाण्याच्या लॉनसाठी फवाऱ्यांचं काम लाद्यांच्या लॉनपेक्षा जास्त काटेकोर लागतं. दोघांनाही आधी कागदावरचा आराखडा मागा: कुठला फवारा कुठे, कोणता नोझल, किती झोन, कोणत्या झोनला किती लिटर. आराखडा न देता 'बघून करतो' म्हणणाऱ्याला काम देऊ नये, दर कितीही कमी असला तरी.

तुमच्या जागेचा हिशोब असा बसतो. पाच मीटर त्रिज्येचे स्प्रे फवारे पाच-पाच मीटरवर मांडले तर लांबीत पाच, रुंदीत तीन, एकूण पंधरा लागतात. एका फवाऱ्याचं पाणी शेजारच्या फवाऱ्याच्या बुडापर्यंत पोचलंच पाहिजे. 'इतके कशाला, नऊमध्ये भागेल' असं कोणी म्हणालं की समजावं, मध्ये कोरडे ठिपके राहणार. कोपऱ्यातले चार पाव वर्तुळाचे, कडेचे आठ अर्धे, मधले तीन पूर्ण. पूर्ण वर्तुळाचा नोझल मिनिटाला साधारण १६ लिटर घेतो, अर्धा ८, पाव ४. बेरीज १२८ लिटर प्रति मिनिट. एवढं पाणी घरगुती पंप एकदम देत नाही, म्हणून तीन झोन, प्रत्येकी सुमारे ४३ लिटरचे.

आता खरी मेख. हे ४३ लिटर फवाऱ्याच्या तोंडाशी २.१ बार दाबाने पोचले पाहिजेत. पाइप, फिल्टर, व्हॉल्व्ह यांत अर्धा बार जातो, पंप ते लॉन तीन मीटर चढ असेल तर आणखी ०.३. म्हणजे पंपाच्या तोंडाशी २.९ बार, सुमारे ३० मीटर हेड (पाणी तेवढ्या उंचीवर चढवण्याइतका दाब). पंपाच्या खोक्यावर 'जास्तीत जास्त हेड ४० मीटर, जास्तीत जास्त पाणी ६० लिटर' असं छापलेलं असतं, पण ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. ४० मीटरवर पाणी शून्य, आणि ६० लिटर मिळतात ते पाणी जवळजवळ वर चढवायचंच नसतं तेव्हा. पंपाचा आलेख मागा, ३० मीटर अधिक पंपापासून विहिरीतल्या पाण्यापर्यंतची खोली, एवढ्या हेडवर तो किती लिटर देतो ते पाहा.

गच्चीवरच्या टाकीवर फवारे चालतील हा तर नेहमीचा गैरसमज. दहा मीटर उंचीला एक बार. टाकी जमिनीपासून सात मीटरवर असेल तर दाब ०.७ बार, त्यात पॉप-अप, म्हणजे पाण्याच्या दाबाने जमिनीतून वर येणारा, फवारा धड वरही येत नाही. नळाच्या मुख्य वाहिनीला थेट पंप जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला तिथूनच परत पाठवा. शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं आणि बागेतलं घाण पाणी उलट वाहिनीत शिरण्याचा धोका असतो.

तपासणी सोपी आहे, कंत्राटदाराकडून समोर करून घ्या. पंपाच्या तोंडाला प्रेशर गेज आणि त्यापुढे बॉल व्हॉल्व्ह लावायचा. पंप सुरू करून व्हॉल्व्ह हळूहळू आवळत गेज २.९ वर आणायचं, आणि त्याच स्थितीत २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजायचं. २७ सेकंद लागले तर मिनिटाला ४४ लिटर, तीन झोन जमतील. ४० सेकंद लागले तर ३० लिटर, मग स्प्रेचे पाच झोन करावे लागतील, नाहीतर नोझल बदलावे लागतील. उघड्या पाइपाखाली बादली धरून 'बघा किती पाणी आहे' असं दाखवणारे बरेच असतात. दाबाशिवाय मोजलेल्या पाण्याला काही अर्थ नाही. ही चाचणी आताही करा आणि एप्रिल-मेचीही सोय ठेवा. विहिरीची पातळी खाली गेली की पंपाला जास्त उपसावं लागतं आणि तोच पंप कमी देतो.

पंप लहान असेल तर फिरत्या धारांचे रोटरी नोझल हा चांगला मार्ग आहे. स्प्रे तासाला ३८-४० मिलिमीटर पाणी टाकतो, रोटरी साधारण १०. तेच पंधरा फवारे मग सगळे मिळून मिनिटाला ३३ लिटरच घेतात. त्यांना दाब मात्र जास्त, २.८ बारच्या आसपास लागतो, आणि पाणी चौपट वेळ चालवावं लागतं. जांभ्याच्या दबलेल्या जमिनीला हे मंद पाणी मानवतं, वाहून जात नाही. फक्त एका झोनमध्ये स्प्रे आणि रोटरी एकत्र करू देऊ नका. एका बाजूला चिखल, दुसरीकडे धूळ, असं होतं.

पाइपाबद्दल एवढंच: ४३ लिटरसाठी मुख्य लाइन ४० मिमी, झोनच्या लाइनला ३२ मिमी चालते. २५ मिमीमध्ये पाणी सेकंदाला दोन मीटरच्या वर धावतं, दाब खाल्ला जातो आणि व्हॉल्व्ह बंद होताना सांध्यांना हिसका बसतो. पाइप निदान सहा किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाचा, २५ ते ३० सेंटिमीटर खोल. आपल्याकडे खणताना चिरा लागला की खोली आपोआप दहा सेंटिमीटरवर येते आणि मजूर वर माती ओढून मोकळे होतात, त्यामुळे चर उघडा असतानाच टेप लावून बघा. फवारा थेट ताठ पाइपावर न बसवता लवचीक जोडावर बसवलेला असावा, म्हणजे गवत कापायच्या मशीनचं चाक चढलं तरी खालचा टी-जोड फुटत नाही. पंपानंतर १२० मेशचा फिल्टर हवाच. जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह बरेचदा असतं. नोझलच्या तोंडाशी तांबूस थर धरतो आणि पांढऱ्या कंपाउंडवर डाग पडतात, म्हणून कडेचे फवारे भिंतीकडे तोंड करून नकोत.

सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारे) व्हॉल्व्ह आणि टायमर ही चैन नाही. उगवणीच्या दोन आठवड्यांत तीन झोन दिवसाला चार वेळा चालवायचे म्हणजे रोज बारा वेळा व्हॉल्व्ह फिरवणं, आणि ते कोणीतरी एकदा विसरतंच. व्हॉल्व्ह २४ व्होल्टचे, वायरींचे जोड पाणी न शिरणाऱ्या कनेक्टरांत, पंपाला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). विजांचा कडकडाट सुरू झाला की टायमरचा प्लग काढून ठेवायचा. ऑक्टोबरच्या संध्याकाळच्या गडगडाटात पुष्कळ टायमर जळतात. व्हॉल्व्हच्या पेटीत तळाला खडी असू द्या, आणि झाकण काढल्यावर हात घालण्याआधी काठी फिरवा. बेडूक आत आला की मागून साप येतो.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. थोडी आगाऊ रक्कम. मोठा हप्ता चर बुजवण्याआधी, पाइप बंद करून कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर दोन तास ठेवल्यावर काटा उतरला नाही तर. पुढचा हप्ता कपांच्या चाचणीनंतर. दहा टक्के महिनाभर राखून. आणि पाइप नेमके कुठून गेलेत याचा, मापं टाकलेला नकाशा मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता नको. पुढे कुंपणाचा खांब रोवताना त्याची किंमत कळते.

कपांची चाचणी म्हणजे लॉनवर सरळ बाजूंचे सोळा सारखे ग्लास समान अंतरावर ठेवायचे, प्रत्येक झोन दहा मिनिटं चालवायचा आणि पट्टीने पाणी मोजायचं. समजा सगळ्यांची सरासरी ६ मिमी आली आणि सगळ्यांत कमी भरलेल्या चार ग्लासांची ४ मिमी. चार भागिले सहा, ०.६७. स्प्रेसाठी हे चालतं. ०.६५ च्या खाली असेल तर बी पेरू नका, आधी दुरुस्ती. गुणोत्तर ०.५ असेल तर कोरड्या कोपऱ्याला पुरेल एवढं पाणी देताना बाकी जागेला गरजेच्या दुप्पट जातं आणि तिथली रोपं कुजतात. फवाऱ्याभोवती ओलं कडं आणि मध्ये कोरडं दिसलं तर दाब कमी आहे. धुक्यासारखे बारीक तुषार वाऱ्यावर उडत असतील तर दाब जास्त. बाकी बहुतेक वेळा कलंडलेला फवारा किंवा नोझलमध्ये अडकलेला पाइप कापतानाचा कीस, एवढंच निघतं.

आता जमीन. गोव्यात मोरड, खेर (सखल, वाळूमिश्र) आणि खाजन (खाडीकाठची खारी) असे जमिनीचे तीन स्वभाव जुन्या लोकांना ठाऊक असतात. तुमची मोरडाची, म्हणजे वर दोन-चार इंच माती आणि खाली जांभा. ही माती आंबट असते, सामू (पीएच) पाच-साडेपाचच्या आसपास, आणि तिच्यातलं लोह व अॅल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, मुळाला मिळू देत नाही. आधी मातीची तपासणी करा. जुन्या गोव्यात एला इथे त्याची सोय आहे. सामू ५.५ च्या खाली आला तर चौरस मीटरला २०० ग्रॅम शेतीचा चुना, तुमच्या जागेला ४० किलो, पेरणीच्या निदान तीन आठवडे आधी मातीत मिसळावा. चुना आणि शेणखत किंवा युरिया एकत्र टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

मुळांना पंधरा सेंटिमीटर भुसभुशीत माती हवी. दहा सेंटिमीटर भर घालायची तर २० घनमीटर माती लागेल. ती कुठल्या डोंगराची आहे ते विचारा. विनापरवाना डोंगरकापणीचा ट्रक दारात यायला नको, आणि खोल कापणीची ती लाल माती तशीही निर्जीव मुरूमच असते. भाटातली (माडांच्या बागेतली) किंवा शेताच्या बांधावरची माती, वर दोन सेंटिमीटर चाळलेलं कंपोस्ट, म्हणजे चार घनमीटर. कच्चं शेण नको, त्यातून तणाचं बी येतं. समुद्राची वाळू तर अजिबात नको. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दहा मीटरला दहा ते वीस सेंटिमीटर. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पावसात सपाट लॉन म्हणजे शेवाळाचं तळं.

माती बसवून झाली की लगेच पेरू नये. दोन-तीन आठवडे फवारे चालवून तण उगवू द्या आणि वरवर खुरपून काढा, पुन्हा खोल नांगरू नका. खोल केलं की खालचं नवं बी वर येतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खणूनच काढाव्या लागतात. या पाण्याने भरही खाली बसते, एक-दोन सेंटिमीटर सहज. त्यानंतरच फवाऱ्यांची टोकं अंतिम पातळीला लावायची.

बियाण्यात सगळ्यांत जास्त फसवणूक चित्रांनी होते. ऑनलाइन पाकिटावर गर्द निळसर हिरवं लॉन असतं, आत केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू किंवा रायग्रास. ही थंड हवेची गवतं. नोव्हेंबरात सुंदर उगवतात, मार्च-एप्रिलमध्ये मरतात. उघड्या उन्हाच्या जागेला गोव्यात बियाण्याचं गवत एकच, बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच. चवथीला गणपतीला वाहतो त्या दूर्वांचीच लॉनसाठी निवडलेली बारीक पानाची वाणं. नर्सरीत मेक्सिकन किंवा कोरियन नावाने मिळतं ते झोयसिया, ते लाद्या किंवा रोपांनीच लावावं, बियाण्याने फार सावकाश येतं. आंबा, फणस, माडांखाली हरळी टिकत नाही, तिला रोज सहा तास थेट ऊन हवं. तिथे रुंद पानाच्या कार्पेट ग्रासच्या काड्या लावाव्या आणि बी वाया घालवू नये.

पाकिटावर शुद्धता, उगवणीचा टक्का आणि चाचणीची तारीख असेल तेच घ्या. शंभर बिया ओल्या फडक्यात दहा दिवस ठेवून पाहिल्या की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. टरफल काढलेलं बी सात ते दहा दिवसांत उगवतं, सालासकट असलेलं तीन आठवडे घेऊ शकतं. टरफल काढलेलं चौरस मीटरला १० ग्रॅम, तुमच्या जागेला दोन किलो. एका ग्रॅममध्ये चार हजारांच्या आसपास बिया असतात, म्हणून 'थोडं जास्त टाकू' हा मोह आवरा. दाट उगवलेली रोपं एकमेकांना मारतात आणि बुरशीला बोलावतात.

वेळ: दसरा ते दिवाळी, फार तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. माती उबदार असते, मोठा पाऊस गेलेला असतो, विहीर भरलेली असते. जूनमध्ये फुकटचं पाणी आहे म्हणून पेरलेलं बी पहिल्या जोरदार सरीत गटारात जातं आणि उरलेलं उन्हाअभावी कुजतं. मार्चनंतर पेरलं तर रोपं लहान असतानाच पाण्याची गरज सर्वांत जास्त आणि विहीर सर्वांत खाली. म्हणजे चवथ आटोपली की चुना आणि चर, मग तण काढणं, मग पेरणी.

पेरणीच्या दिवशी चौरस मीटरला ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, एकूण सहा किलो, वरच्या मातीत दंताळ्याने मिसळा. दोन किलो बी दहा किलो कोरड्या नदीच्या वाळूत कालवून दोन वाटे करा. एक लांबीच्या दिशेने फेका, दुसरा रुंदीच्या. वारा पडलेला असतो तेव्हा, सकाळीच. दंताळं उलटं धरून हलकेच फिरवा आणि वर तीन मिलिमीटर चाळलेलं कंपोस्ट. सेंटिमीटरभर खाली गेलेलं हरळीचं बी वर येत नाही. मग पाणी भरलेला रोलर एकदा फिरवा. बी आणि माती एकमेकांना चिकटली नाहीत तर पाणी देऊनही उपयोग नसतो. मुंग्यांकडे लक्ष ठेवा. रांगेने बी उचलून नेतात आणि लॉनमध्ये हातभर टक्कल पडतं, ते नंतर पाण्याच्या माथी मारलं जातं. आधीच वारुळं शोधून बंदोबस्त करा. मोर आणि कोंबड्या येत असतील तर दोन आठवडे जाळी लागेल.

पाणी पहिल्या दोन आठवड्यांत सकाळी आठ, अकरा, दोन आणि साडेचारला. स्प्रे असेल तर प्रत्येक वेळी तीन मिनिटं, म्हणजे दोन मिमीपेक्षा थोडं कमी. रोटरी असेल तर अकरा-बारा मिनिटं. दुपारी समुद्राचा वारा सुटला की त्या बाजूची कड कोरडी राहते, तिथे झारीने हात फिरवा. संध्याकाळी उशिरा पाणी नको. रात्रभर ओली राहिलेली कोवळी रोपं बुडाशी तपकिरी पडून झोपतात, ती रोपमर. तसं दिसलं तर औषधाआधी शेवटची पाळी बंद करा. उगवण एकसारखी दिसू लागली की पाळ्या दोनवर आणा आणि प्रत्येक पाळीला जास्त पाणी द्या.

तीन आठवड्यांनी चौरस मीटरला पाच ग्रॅम युरिया, एकूण एक किलो, पान कोरडं असताना टाकून लगेच पाणी. पाच-सहा सेंटिमीटर उंची झाली की पहिली कापणी, एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, पातं धारदार. बोथट पात्याने रोप मुळासकट उपटतं. नाताळापर्यंत जमीन झाकलेली असावी.

जम बसल्यावर सुक्या दिवसांत दिवसाला सरासरी चार मिमी धरा, २०० चौरस मीटरला ८०० लिटर, मे महिन्यात हजार. रोज शिंपडण्यापेक्षा दर तिसऱ्या दिवशी पहाटे १२ मिमी, म्हणजे एका वेळी २,४०० लिटर, तेवढी साठवण हवी. स्प्रेने हे झोनला अठरा-एकोणीस मिनिटं होतं, पण सलग नको. सहा-सहा मिनिटांचे तीन भाग आणि मध्ये अर्धा तास, नाहीतर उतारावरून पाणी रस्त्यावर जातं. कळंगुट-कांदोळीच्या वाळूत उलट, थोडं आणि रोज.

विहिरीचं पाणी मे महिन्यात एकदा तपासा. किनाऱ्याजवळची ऑक्टोबरात गोड लागणारी विहीर तेव्हा मचूळ होते. विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) ०.७५ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर काळजी नाही. जुनी हरळी त्याच्या बरंच वर सोसते, कोवळी रोपं नाही. कंत्राटदार नवी बोअरवेल सुचवत असेल तर २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली जलस्रोत खात्याची परवानगी आधी, यंत्र नंतर.

जून लागला की टायमर बंद, कापणीची उंची एक बोट वाढवायची, आणि फवाऱ्यांच्या टोप्यांभोवतीचं गवत कात्रीने मोकळं ठेवायचं. चार महिने न वापरलेल्या फवाऱ्यावर हरळी अशी चढते की ऑक्टोबरात तो शोधायला नकाशाच काढावा लागतो.